संकटाच्या दिवसांत प्रार्थना टिकवायची कशी: रोजच्या कामातूनच, एकेक पायरीने

आईला स्ट्रोक झाला त्या आठवड्यात माझी सकाळची शांत वेळ बंद पडली. त्याआधी बरीच वर्षं माझं ठरलेलं होतं, पहाटे उठायचं, बायबलचा एक अध्याय, वहीत चार ओळी, मग अर्धा तास प्रार्थना, आणि मला वाटायचं हे आता अंगवळणी पडलंय, काही झालं तरी सुटणार नाही. सुटलं. आईला घरी आणलं तेव्हा तिची उजवी बाजू पूर्ण गेलेली, बोलणं गेलेलं, आणि डिस्चार्जच्या वेळी नर्सने मला बाजूला घेऊन एकच गोष्ट तीन वेळा सांगितली, दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्री पण, नाहीतर पाठीला जखमा होतात आणि त्या भरता भरत नाहीत. मी मोबाईलमध्ये दिवसरात्रीचे बारा अलार्म लावले. पुढचे चौदा महिने माझं आयुष्य त्या बारा अलार्मवर चाललं.

त्या चौदा महिन्यांत जे शिकले ते इथे लिहितेय. तुमच्याकडे कारण वेगळं असेल, नोकरी गेली असेल, घरातलं कोणी गेलं असेल, संसार मोडायला आला असेल, कर्ज असेल, स्वतःचंच आजारपण असेल, पण एक गोष्ट सारखी असते की प्रार्थना करावीशी वाटते, होत नाही, आणि होत नाही म्हणून वर अपराधी वाटतं. माझं म्हणणं एवढंच आहे की अशा दिवसांत नवीन काही सुरू करायला जाऊ नका. जे काम तुमचे हात आधीच करतायत त्यालाच प्रार्थना बांधा, आणि ती इतकी छोटी ठेवा की सगळ्यात वाईट दिवशीसुद्धा होईल. ते कसं करायचं ते आता सविस्तर सांगते, आणि सगळ्या पायऱ्या एकदम सुरू करू नका, पहिल्या आठवड्यात पहिल्या दोनच पुरेत.

पहिली पायरी: आधी तक्रार करा

लोक इथेच अडखळतात. आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं की देवासमोर उपकारस्तुतीने यायचं, तक्रार म्हणजे अविश्वास. मग मनात खदखदत असताना आपण "प्रभू, तुझे आभार" म्हणायला जातो आणि घशात आवंढा येतो, आणि हळूहळू प्रार्थनाच टाळायला लागतो कारण खोटं बोलवत नाही. बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडून बघा. १५० स्तोत्रांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा विलापाचा आहे. म्हणजे ही तक्रार देवाच्या लोकांनी उपासनेत, सगळ्यांसमोर, गाऊन केलेली आहे. आणि वधस्तंभावर प्रभू येशूच्या तोंडी जे शब्द आले, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?", ते २२ व्या स्तोत्राचे पहिलेच शब्द आहेत. त्याने केली ती प्रार्थना आपल्याला मना असेल का?

शिकायला १३ वं स्तोत्र घ्या, फक्त सहा ओव्या आहेत. पहिल्या दोन ओव्यांत दावीद "कोठवर" हा एकच प्रश्न चार वेळा विचारतो, कोठवर विसरणार, कोठवर तोंड लपवणार, कोठवर मी मनात झुरत राहू, कोठवर शत्रू माझ्यावर चढून बसणार. पुढच्या दोन ओव्यांत मागणं आहे, बघ, उत्तर दे, माझे डोळे उजळ. आणि शेवटच्या दोनमध्ये तो तुझ्या दयेवर भरवसा ठेवलाय असं म्हणतो. हाक, तक्रार, मागणं, भरवसा, एवढाच त्याचा सांगाडा.

आता एक कागद घ्या आणि आपला विलाप लिहा. दहा मिनिटं पुरतात. पहिली ओळ, देवाला ज्या नावाने हाक मारता ती हाक. मग जे झालंय ते जसंच्या तसं, सुंदर शब्द नकोत, शुद्धलेखन नको. मग काय हवंय ते, पण नेमकं, "शांती दे" एवढं मोघम नाही. माझ्या पहिल्या कागदावर असं होतं: "प्रभू, मी तीन रात्री झोपले नाही. आई माझ्याकडे बघते आणि तिला माझं नाव आठवत नाही. तू हे का होऊ दिलंस मला कळत नाही आणि मला तुझा राग आलाय. आज रात्री मला सलग दोन तास झोप दे." भरवशाची ओळ मला लिहिता आली नाही, मी ती जागा कोरी ठेवली. तुम्हालाही जमली नाही तर कोरीच ठेवा. ८८ वं स्तोत्र वाचा, त्यात शेवटपर्यंत भरवशाची ओळ येतच नाही, ते अंधारावरच संपतं, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, कोणी ते काढून टाकलं नाही. तो कागद बायबलमध्ये ठेवा, माझे अजून आहेत.

दुसरी पायरी: झोप आणि जेवण

हा भाग छोटा वाटेल पण तो गाळू नका. १ राजे १९ व्या अध्यायात एलीया रानात एका झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागतो. कर्मेल डोंगरावर अग्नी उतरवणारा हा संदेष्टा, आणि आता म्हणतो बस झालं, माझा जीव घे. देव त्याला रागावत नाही की उपदेशही करत नाही. त्याला झोपू देतो. देवदूत येऊन उठवतो, उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई, म्हणतो ऊठ, खा. तो खातो आणि परत झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो, परत खायला घालतो, म्हणतो पुढचा प्रवास तुला झेपणार नाही. देवाची शांत मंद वाणी त्याला ऐकू येते ती यानंतर, चाळीस दिवस चालून होरेबला गेल्यावर.

त्यामुळे दिवसभर पोटात काही नसताना आणि डोळ्याला डोळा लागलेला नसताना "मला देवाचा आवाज येत नाही" असा निष्कर्ष काढू नका. आधी जेवा, एक तास कोणाला तरी बसवून झोपा, आणि झोपायला जाताना म्हणा की प्रभू, हा तास तुझ्या हातात. तीही प्रार्थनाच. आणि आठवडे झाले तरी झोप येत नसेल, कशातच जीव रमत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा, गोळ्या दिल्या तर घ्या, गोळी घेतल्याने विश्वास कमी होत नाही. एलीयासारखं मरण मागावंसं वाटत असेल तर आजच्या आज, ही ओळ वाचून झाल्यावर, घरातल्या कोणाला तरी किंवा डॉक्टरला तोंडाने सांगा, एकट्याने प्रार्थना करत बसू नका.

तिसरी पायरी: प्रार्थनेला खुंटी शोधा

आता मुख्य गोष्ट. साधारण तिसऱ्या आठवड्यात, रात्री दोनचा अलार्म वाजला, मी उठले, आईच्या खांद्याखाली एक हात आणि कमरेखाली एक हात घातला, "आई, कूस बदलते हं" म्हटलं, तिला डाव्या अंगावर वळवलं, गुडघ्यांच्या मध्ये उशी सरकवली, पाठीमागे गुंडाळलेली चादर लावली, टाचा गादीला घासत नाहीत ना ते बघितलं, आणि ते सगळं करताना माझ्या तोंडून नकळत "प्रभू, दया कर" निघालं. एवढंच. मी परत जाऊन झोपले. चारला परत तेच. मग मी ठरवूनच टाकलं की कूस बदलताना एवढे तीन शब्द म्हणायचे, जास्त नाही. आठवड्याभरात लक्षात आलं की मी दिवसातून बारा वेळा प्रार्थना करतेय, जी मी तब्येत धडधाकट आणि घर शांत असताना कधीच केली नव्हती.

यात नवीन काही नाही हे मला नंतर कळलं. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी जे नियम लिहिले त्यात दिवसा सात वेळा आणि रात्री एकदा प्रार्थना सांगितलीय, आणि प्रार्थनेची खूण ऐकू आली की हातातलं काम तिथेच ठेवून लगेच निघायचं असंही लिहिलंय. माझा अलार्म आणि त्यांची घंटा, फरक एवढाच की मला काम ठेवून निघायचं नव्हतं, कामच करायचं होतं. आणि त्याच नियमांत आजाऱ्यांबद्दल आहे की सगळ्याच्या आधी आणि सगळ्याच्या वर आजाऱ्यांची काळजी घ्यायची, प्रत्यक्ष ख्रिस्ताची सेवा करावी तशी त्यांची सेवा करायची. हे वाचलं त्या दिवशी मी आईच्या पायाला तेल लावत होते आणि बराच वेळ तिथेच बसून राहिले.

सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे बंधू होते, १६९१ मध्ये वारले. त्यांना स्वयंपाकघराचं काम दिलं होतं जे त्यांना मुळीच आवडायचं नाही, आणि बरीच वर्षं त्यांनी तेच केलं, पुढे चपला दुरुस्त करायचं काम केलं. भांडी, आग, हाका मारणारी माणसं या गडबडीत देवाशी बोलत राहायचं हीच त्यांची साधना, चॅपेलमध्ये गुडघे टेकून बसणं आणि कामात असणं यात त्यांनी फरक ठेवला नाही.

आता तुमची खुंटी कशी शोधायची ते सांगते. कालचा दिवस आठवा आणि अशी कामं काढा जी रोज होतातच, तुमचा मूड असो नसो. नळाखाली हात धुणं, औषधाची पट्टी फोडणं, दाराला कुलूप लावणं, जिना चढणं, गाडी सुरू करणं, कपडे वाळत घालणं, फोनची रिंग. त्यातली फक्त तीन निवडा, सकाळचं एक, दुपारचं एक, रात्रीचं एक. प्रत्येकाला एक वाक्य जोडा आणि ते वाक्य त्या कामाशी जुळणारं असू द्या म्हणजे वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही. हात धुताना पाणी लागलं की "मी तुझी आहे, माझा बाप्तिस्मा झालाय". गोळी काढताना "हिच्या अंगाला गुण येऊ दे". कुलूप लावताना "घर तुझ्या स्वाधीन". फोन वाजला, आणि संकटात फोनचीसुद्धा भीती बसलेली असते, तर उचलायच्या आधी एक रिंग जाऊ द्या आणि "प्रभू, तू आधी" म्हणा. पहिले चार दिवस विसराल, नक्की विसराल. विसरलात तर भरपाई म्हणून दुप्पट म्हणू नका, पुढच्या वेळी म्हणा. आणि महिनाभर तरी तीनाच्या चार खुंट्या करू नका, उत्साहात वाढवल्या की सगळ्याच सुटतात, हे मी करून बघितलंय.

चौथी पायरी: शब्दच सुचत नसतील तेव्हा

रोमकरांस पत्राच्या ८ व्या अध्यायात, २६ व्या ओवीत, पौल म्हणतो की प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा शब्दांत न सांगता येणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. म्हणजे कण्हणंसुद्धा चालतं. पण काही जणांना हाताशी शब्द लागतात, तर त्यासाठी पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत शेकडो वर्षं चालत आलेली येशूची प्रार्थना आहे: "प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर." लूक १८ मधल्या जकातदाराची हाक त्यात आहे, तो बिचारा दूर उभा राहून छाती बडवत एवढंच म्हणाला होता आणि नीतिमान ठरून घरी गेला.

करायचं असं, पाठ टेकून बसा, श्वास आत घेताना मनात "प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा", सोडताना "मज पाप्यावर दया कर". श्वास मुद्दाम लांबवू नका, आहे तसा चालू द्या. लांब वाटत असेल तर आत घेताना "येशू", सोडताना "दया कर". पाच मिनिटं, घड्याळ न बघता साधारण पन्नासेक श्वास. विचार येणारच, बिलाचे येतील, रिपोर्टचे येतील, आले की त्यांच्याशी भांडू नका, पुढच्या श्वासाला परत नाव घ्या. एक सावधगिरी सांगते, काही माणसांना घाबरलेल्या अवस्थेत श्वासाकडे लक्ष दिलं की जास्तच गुदमरायला होतं, तसं झालं तर लगेच सोडून द्या आणि प्रार्थना हाताला द्या. कॅथलिक घरांत रोझरी, म्हणजे जपमाळ, असतेच, ऑर्थोडॉक्स लोक गाठी मारलेली लोकरीची दोरी वापरतात, आणि यातलं काही जवळ नसेल तर दहा बोटं आहेत, एका बोटाला एकदा. हॉस्पिटलच्या बाकावर मी बोटांवरच केलंय, शेजारी बसलेल्याला कळतही नाही.

आणि पाठ असलेल्या प्रार्थनांना कमी लेखू नका. आपल्यात बऱ्याच जणांना वाटतं की मनापासूनची प्रार्थना म्हणजे स्वतःच्या शब्दांतली, पाठांतर म्हणजे नुसती पोपटपंची. माझंही तेच मत होतं. आईला स्ट्रोकनंतर एक शब्द धड बोलता येत नव्हता, पाणी हवंय हे सांगता येत नव्हतं, पण एका संध्याकाळी मी तिच्या उशाशी बसून "हे आमच्या स्वर्गातील पित्या" सुरू केलं आणि "तुझे नाव पवित्र मानले जावो" ला तिचा आवाज माझ्यात मिसळला, अडखळत, जड जिभेने, पण शब्द बरोबर, थेट आमेनपर्यंत. स्पीच थेरपिस्टने नंतर समजावलं की असं होतं, आयुष्यभर म्हटलेल्या गोष्टी, गाणी, प्रार्थना, मेंदूत वेगळ्या वाटेने टिकून राहतात आणि बोलणं गेलं तरी कधी कधी त्या येतात. त्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी प्रभूची प्रार्थना तिच्याबरोबर म्हणत राहिले, तिचं दिवसातलं तेवढंच बोलणं असायचं. म्हणून सांगते, चांगल्या दिवसांत तीन गोष्टी तोंडपाठ करून ठेवा, प्रभूची प्रार्थना, २३ वं स्तोत्र आणि तुमच्या आवडीचं एक गीत. मुलांनाही करायला लावा.

पाचवी पायरी: वाचन थोडं, पण तेच परत परत

संकटात बायबल वाचायची दोन चुकीची टोकं असतात. एक म्हणजे वर्षभरात बायबल पूर्ण करायच्या प्लॅनला चिकटून राहायचं, आणि दुसरं म्हणजे डोळे मिटून कुठलंही पान उघडायचं आणि बोट पडेल ती ओवी देवाचा निरोप समजायची. दुसऱ्याने मला स्वतःला त्रास झालाय, न्यायाच्या दिवसाची ओवी निघाली आणि दोन दिवस मी धास्तावलेली होते.

त्यापेक्षा छोटी स्तोत्रं घ्या. १२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रं यात्रेकरू यरुशलेमला सणासाठी चढून जाताना म्हणत असत असं मानतात, जवळजवळ सगळी छोटी आहेत, १३२ वं तेवढं मोठं, अठरा ओव्यांचं. दमलेल्या माणसाला चालताना झेपावीत अशीच ती आहेत. १३१ वं तर तीनच ओव्यांचं, आईच्या कुशीत शांत झालेल्या, दूध सुटलेल्या बाळाचं. आठवडाभर एकच घ्या. वाचायची जुनी पद्धत आहे, बाराव्या शतकात गिगो नावाच्या एका मठवासीने तिच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि मग देवासमोर नुसतं असणं. आपल्यासाठी सोपं करून सांगायचं तर, सकाळी एकदा हळू, ओठ हलवत वाचा. जो शब्द अडकेल तो एकच शब्द घेऊन उठा, का अडकला त्याचा अर्थ लावत बसू नका. काम करता करता तो मनात घोळू द्या. दुपारी त्या शब्दावरून देवाला एक वाक्य बोला. रात्री तीच ओवी परत वाचा आणि दोन मिनिटं गप्प बसा. वाचायलाही जमत नसेल तर मोबाईलवर ऑडिओ बायबल लावा, मार्कचं शुभवर्तमान चारही शुभवर्तमानांत सगळ्यात छोटं आहे, १६ अध्याय, भांडी घासता घासता ऐकून होतं.

सहावी पायरी: रात्री दोन प्रश्न

इग्नेशियस लोयोला सैनिक होते, १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला आणि कित्येक महिने अंथरुणावर पडून काढले. पडल्या पडल्या त्यांच्या लक्षात यायला लागलं की काही विचार येऊन गेले की मागे मन कोरडं होतं आणि काही विचारांनंतर मनात समाधान राहतं. या निरीक्षणातून पुढे रोजच्या आत्मपरीक्षणाची पद्धत आली, ती त्यांच्या १५४८ मध्ये छापलेल्या पुस्तकात आहे, आणि त्यांनी स्थापलेल्या संघाचे लोक, जेझुइट, आजही ती करतात. तिच्या पाच पायऱ्या अशा: आभार, मग पवित्र आत्म्याकडे उजेड मागणं, मग दिवसाची तपासणी, मग चुकलं त्याची क्षमा, आणि उद्यासाठी बळ.

पण रात्री अंग मोडून आलेलं असताना पाच पायऱ्या होत नाहीत. मी दोनच प्रश्न ठेवले. आज जीवात जीव कधी आला? आज जीव कधी गेला? पहिल्याचं उत्तर मिळालं की "प्रभू, तिथे तू होतास" म्हणायचं, दुसऱ्याचं मिळालं की "प्रभू, इथे ये" म्हणायचं. उत्तरं लहान असतात, तीच लिहा. माझ्या वहीत एका रात्रीचं आहे, "जीव आला: शेजारणीने न विचारता दोन तास आईजवळ बसून मला आंघोळीला आणि झोपायला पाठवलं. जीव गेला: आईवर ओरडले, ती रडली." हा आढावा म्हणजे पापांची यादी नाही, पण ओरडलो असू तर ते लिहायचं, क्षमा मागायची, आणि सकाळी त्या माणसाचीही माफी मागायची, त्याला समजत नसलं तरी. मधेच झोप लागली तर लागू द्या.

उपकारस्तुतीबद्दल इथेच सांगते, कारण लोक ती फार लवकर मागतात. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा" असं आहे. माझ्यापुरतं मी ते असं घेतलं की या स्थितीत बसून आभार मानायचे, आईच्या स्ट्रोकबद्दल आभार मानायची मी स्वतःवर सक्ती केली नाही. शेजारणीच्या दोन तासांचे मात्र मनापासून मानले.

सातवी पायरी: दुसऱ्यांना उचलू द्या

मार्कच्या २ ऱ्या अध्यायात चौघे जण पक्षाघात झालेल्या माणसाला बाजेवर घालून आणतात, गर्दीमुळे आत जाता येत नाही म्हणून छप्पर उस्तरतात आणि वरून बाज खाली सोडतात. तिथे लिहिलंय की येशूने त्यांचा विश्वास पाहिला. त्यांचा. त्या आजाऱ्याचा विश्वास किती होता याबद्दल तिथे एक शब्दही नाही. आमच्या घरी हा उतारा मी पन्नास वेळा तरी वाचला असेल.

तर तुमचे चौघे शोधा. "प्रार्थना करा" असा मेसेज ग्रुपवर टाकला की सत्तर हात जोडलेले इमोजी येतात आणि पुढे काहीच होत नाही, त्यात कोणाचा दोष नसतो, लोकांना नेमकं काय करायचं ते कळत नाही. म्हणून चार माणसांना वेगवेगळा मेसेज करा, आणि नेमकं मागा: "मंगळवारी दुपारी तीन ते पाच आईजवळ बसशील का?", "उद्या दहाला रिपोर्ट आहे, त्या वेळी पाच मिनिटं थांबून प्रार्थना करशील का, मला तेव्हा जमणार नाही", "रविवारी उपासनेला तू माझ्या जागेवर बस आणि माझ्यासाठी गा". हे शेवटचं एका मैत्रिणीने खरंच केलं. चर्चला जाता येत नसेल तर तुमच्या पाळकांना किंवा फादरना फोन करून घरी प्रभूभोजन आणायला सांगा, आजाऱ्यांकडे ते जातात, पण सांगितल्याशिवाय त्यांना कळत नाही, आणि सांगायला लाजू नका. आईला भाकरीचा अगदी छोटा तुकडा द्राक्षारसात भिजवून मऊ करून दिला होता, गिळायला त्रास व्हायचा म्हणून आधी डॉक्टरांना विचारून घेतलं होतं.

आणि कोणीतरी येऊन बोलून जाईलच. मला एकांनी, मनात वाईट नव्हतं त्यांच्या, तोंडावर सांगितलं की विश्वास कमी पडतोय म्हणून गुण येत नाही. मी पुढचा आठवडा स्वतःला तपासत, कुरतडत काढला. मग बायबलमधलं, सगळं गमावलेल्या ईयोबाचं पुस्तक परत वाचलं. त्याचे मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत, आणि तेवढं त्यांनी अगदी बरोबर केलं. बोलायला लागल्यावर बिघडलं, आणि पुस्तकाच्या शेवटी देव त्यांच्यावरच रागावतो, तुम्ही माझ्याविषयी योग्य बोलला नाहीत म्हणून. अशा माणसाला उत्तर द्यायची ताकद नसेल तर "तुम्ही आलात, बरं वाटलं, आता आई झोपतेय" एवढं म्हणा आणि दार लावून घ्या.

आठवी पायरी: काहीच जाणवत नाही तेव्हा

हे सगळं करूनही कित्येक आठवडे काहीच वाटणार नाही. ना शांती, ना सान्निध्य. मला साधारण सातव्या महिन्यात तसं झालं आणि तीनेक महिने राहिलं. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळलं की कित्येक दशकं त्यांना आत फक्त अंधार जाणवत होता आणि तरी त्या रोज उठून काम आणि प्रार्थना करत राहिल्या. पंडिता रमाबाईंचं घ्या, दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली, मग भाऊ, लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत नवरा, आणि १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा. मुलीच्या मागे त्या वर्षभरसुद्धा राहिल्या नाहीत, १९२२ मध्ये गेल्या, आणि त्या काळातही बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही. त्यांच्या मनात तेव्हा काय चाललं असेल ते मी सांगू शकत नाही, पण रोज टेबलाशी जाऊन बसणं त्यांनी थांबवलं नाही एवढं दिसतं.

अशा दिवसांसाठी नियम एकच ठेवा: तीन खुंट्यांपैकी एक राखायची, बाकी सगळं सोडलं तरी चालेल. माझी रात्री दोनची राहिली. भावना आहे की नाही ते तपासायचं नाही, शब्द म्हणायचे आणि झोपायचं. आणि जमलं तर त्या वाक्यात स्वतःच्या जागी दुसऱ्या कोणाचं नाव घाला. रात्री दोनला जगात कितीतरी जण कोणाच्या तरी उशाशी जागे असतात, हॉस्पिटलमधल्या नर्सेस, तान्ह्या बाळांच्या आया, वॉचमन. "प्रभू, जे कोणी आत्ता जागे आहेत त्यांच्यावर दया कर", एवढं म्हटलं की त्या खोलीत मी एकटी नाही असं वाटायचं, आणि त्या तीन महिन्यांत मला जे काही जाणवलं असेल ते एवढंच.

आई चौदाव्या महिन्यात गेली, झोपेतच, पहाटे. त्या रात्री दोनचा अलार्म परत वाजला. मी उठून बसले, पलंग रिकामा. काय करायचं ते कळेना, मग "प्रभू, दया कर" म्हटलं आणि तिची गुडघ्यातली उशी कपाटात नेऊन ठेवली. अलार्म एकदम बंद करू नका असं मी आता ज्यांच्या घरी असं होतं त्यांना सांगते, खुंटी गेली की प्रार्थनाही जाते आणि नेमकी तेव्हाच ती लागते. मी आठवड्याला एक असे काढत गेले. संध्याकाळी सहाचा ठेवलाय, तो वाजला की जिथे असेन तिथे प्रभूची प्रार्थना म्हणते, मोठ्याने, आई म्हणायची त्या संथ चालीत.